समुद्रावरचा वारा आणि गोदामांची छपरे

समुद्रात पवनचक्क्या उभारल्या म्हणजे विजेची विवंचना मिटली, असे आमच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे मोठ्या उत्साहाने बोलले जाते. आम्हांस हा उत्साह अस्थानी वाटतो. केंद्र सरकारने २०२४ साली गुजरात व तामिळनाडू या किनाऱ्यांलगतच्या मिळून १००० मेगावॅटच्या योजनेस ६८५३ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. म्हणजे मेगावॅटमागे जवळजवळ सात कोटी, आणि तेही केवळ साहाय्य! तेवढ्या रकमेत छपरावरील सौरसंच सबंध उभा राहतो.

छपरे कोठून आणावयाची, असे कोणी विचारील. त्याने खारबाववरून जाणाऱ्या चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्याने भिवंडीकडे यावे. गोदामांची छपरे उन्हात नुसती तापत आहेत, आणि भिवंडीच्या यंत्रमागांना वीज हवीच आहे.

समुद्रवारा रात्रीही वाहतो, पावसाळ्यात तर जोर धरतो, आणि मेगावॅटमागे वीजही अधिक देतो, हा प्रतिपक्षाचा मुद्दा खरा आहे. परंतु सूर्याची ती उणीव काही अंशी भरून काढावयास कोयनेचे १९६० मेगावॅटचे जलविद्युत्केंद्र आहेच. शिवाय 'स्वच्छ' विजेची किंमत कोण भरतो, हे मुळशीने १९२१ सालीच दाखविले. मुंबईच्या विजेपायी मावळ्यांची शेते पाण्याखाली जाऊ लागली, म्हणूनच तेथे सत्याग्रह झाला. समुद्रातही कोळ्यांची जाळी आहेत. छपरावर ऊन धरल्याने मात्र कोणाचीच भाकरी जात नाही.

समुद्राकडे अवश्य जावे. पण आधी डोक्यावरचे छप्पर कामी लावावे, एवढेच आमचे म्हणणे.