निष्ठेचा एकतर्फी न्याय

अमेरिकेतील बेसबॉलची मैदाने हिवाळ्यात ओस पडतात. पण कोणता खेळाडू राखावा आणि कोणता सोडावा, या वादाला बहर येतो तो नेमका त्याच दिवसांत. डिसेंबर 2024 मध्ये हुआन सोटो याने यँकीज संघ सोडून न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाशी 15 वर्षांचा, 76 कोटी 50 लक्ष डॉलरांचा करार केला, तेव्हा यँकीजच्या अनेक चाहत्यांनी त्याला कृतघ्न ठरविले. परंतु याच सोटोला 2022 मध्ये वॉशिंग्टनने सॅन डिएगोच्या, आणि 2023 मध्ये सॅन डिएगोने यँकीजच्या हवाली केले होते. मालकाने खेळाडू दिला तर तो व्यवहार आणि खेळाडू आपणहून गेला तर तो द्रोह, हा कोठला न्याय?

हे स्वातंत्र्य सुखासुखी मिळालेले नाही. एके काळी करार संपल्यावरही खेळाडूवर संघाचाच हक्क राही. 1969 मध्ये कर्ट फ्लड याने आपल्या परस्पर झालेल्या बदलीस नकार दिला. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. ही बेडी तुटली ती 1975 मधील लवादाच्या निवाड्याने.

चाहत्यांची व्यथा मात्र खोटी नाही. तेथे अवाजवी वेतनखर्चावर कर आहे, पण खर्चाला कमाल मर्यादा नाही. त्यामुळे पिट्सबर्गसारख्या लहान शहराच्या संघाला आपणच घडविलेले खेळाडू राखणे कठीण जाते. यावर उपाय एकच: संघांमध्ये उत्पन्नाची अधिक न्याय्य वाटणी. खेळाडूच्या पायांत पुन्हा बेडी अडकवून तो साधणार नाही. निष्ठेचा हिशेब मागायचाच असेल, तर तो आधी मालकांकडे मागावा.