हळद, कर्क्युमिन आणि अतिदेश

तंत्रयुक्तींचा अभ्यास पदवीपरीक्षेबरोबर संपला, असे आपल्यापैकी अनेकांचे झाले आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ तंत्रयुक्ती आहेत, सुश्रुतसंहितेत ३२. दोहोंतही 'अतिदेश' आहे. एके ठिकाणी सांगितलेले, न सांगितलेल्या ठिकाणी लावणे, हा त्याचा स्थूल अर्थ. इंग्रजीतील 'एक्स्ट्रापोलेशन' त्याच्या जवळचा. तो मुळात गणिताच्या परिभाषेतला. आता कोणत्याही अनुमानाला सर्रास चिकटविला जातो.

कोल्हापुरातील एका औषधनिर्मात्या मित्राने नुकतेच मला आपले माहितीपत्रक दाखविले. आत केवळ हळद चूर्णाच्या गोळ्या. पत्रकावर मात्र 'टर्मरिकचे शोषण २००० टक्के अधिक, संशोधनाने सिद्ध'. हा आकडा बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला. तेथे दिले होते २ ग्रॅम कर्क्युमिन, सोबत मिऱ्यातील पिपरीन २० मिलिग्रॅम. एकट्या कर्क्युमिनचा रक्तात जेमतेम मागमूस लागला होता! वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले, तर २ ग्रॅमसाठी ६५ ग्रॅमच्या आसपास हळद लागेल. मित्राच्या गोळीत मिरे नाही आणि मात्रा अर्धा ग्रॅम.

घोटाळ्याचे मूळ 'टर्मरिक' या एका शब्दात आहे. इंग्रजीत कंद, चूर्ण, अर्क आणि कित्येकदा कर्क्युमिनही त्याच नावाखाली वावरते. संस्कार, मात्रा, अनुपान बदलले की द्रव्याचे कर्म बदलते, हे आपण शिकलो. मग लेबल लिहितानाच का विसरतो?

हाच शब्द उलटही फिरतो. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक उत्पादनांनंतर यकृतशोथाचे रुग्ण नोंदले गेले. त्यांत कर्क्युमिन वाढविलेले अर्क आणि पिपरीन जोडलेली उत्पादने होती. तरीही माझ्याकडील एका आजींनी ती बातमी ऐकून आमटीतली चिमूटभर हळद बंद केली. तेव्हा आपण संतापतो. पण अर्काचे यश चूर्णाला लावणारे आपणच असू, तर अर्काचा दोष चूर्णाला लावणाऱ्यास कोणत्या तोंडाने अडविणार?

१९४० च्या औषध कायद्याने आपल्या ग्रंथांना आधार म्हणून मान्यता दिली आहे. ग्रंथोक्त योगाच्या पत्रकावर ग्रंथाचे नाव छापावे. संशोधन छापायचेच, तर द्रव्याचे रूप, मात्रा आणि सोबतचे द्रव्य त्याच ओळीत यावे.

छापलेल्या पाचशे पत्रकांचे काय करू, असे मित्राने विचारले. त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवा, असे मी सांगितले आहे.