जंजिऱ्याचे पहिले धनी

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली. सुरगाण्याच्या डोंगरांतून आलेल्या आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत बसताना मुलींपेक्षा मुलगेच अधिक घाबरले, हे येथे नमूद करणे भाग आहे! किल्ला खरोखरच पाहण्यासारखा. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. चोहीकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. कलालबांगडी तोफेजवळ तर फोटोसाठी झुंबड.

माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी 'अजिंक्य' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की आमच्या एका मित्राने मोजणे सोडून दिले. शिवाजी महाराजांना किल्ला मिळाला नाही, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून पाहिला तरी मिळाला नाही. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दीचीच सत्ता. सारे खरे. परंतु हे बेट त्यापूर्वी कोणाचे होते?

येथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता व राम पाटील त्यांचा प्रमुख होता. पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, दारूची पिंपे ठेवण्यास त्याने आसरा मागितला आणि रात्री पिंपांतून सैनिक निघाले, अशी कथा सांगतात. म्हणजे अजिंक्य किल्ल्याचा आरंभच मुळी दगाबाजीत आहे.

दुसरे नाव लाय पाटलाचे. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत या कोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागची फौज वेळेवर पोहोचली नाही. उजाडू लागले तेव्हा शिड्या काढून त्याला परतावे लागले. मोहीम फसली, तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असे म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली. तेव्हा महाराजांनी 'पालखी' नावाचे गलबत बांधून त्याला दिले, असे सांगतात. मला ही हकिगत त्या साऱ्या तटबंदीहून मोठी वाटते. पण ती किल्ल्यात ऐकायला मिळाली नाही, परतल्यावर ग्रंथालयात मिळाली.

आमच्याकडचे महादेव कोळी वेगळे व समुद्रावरचे सोनकोळी वेगळे, हे मला ठाऊक आहे. तरीही ही दोन नावे तेथे उच्चारली गेली असती, तर मागे रेंगाळलेली आमची निम्मी मुले पुढे सरकली असती. राजांची व नबाबांची नावे आम्ही परीक्षेपुरती पाठ करतोच.

धक्क्यावर होडीच्या भाड्याचा फलक चांगला ठळक अक्षरांत रंगवलेला होता. त्याच्या शेजारची भिंत मात्र कोरी होती.