डायपर, तांदूळ आणि चाबकाचं टोक

मंडळी, दुकानात सेल लागला म्हणून तान्ह्या बाळाला काही जास्त डायपर लागत नाहीत. खप बारा महिने साधारण सारखाच. तरीही प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं आपल्या पॅम्पर्सच्या ऑर्डरी तपासल्या, तेव्हा चमत्कारिक चित्र दिसलं. दुकानातली विक्री थोडीफार वरखाली, घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी त्याहून कितीतरी अधिक, आणि कच्च्या मालासाठी कंपनीनं स्वतः दिलेल्या ऑर्डरींचे हेलकावे तर त्याहूनही मोठे! चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक केवढं फडकतं, तसंच हे. म्हणून नाव पडलं 'बुलव्हिप इफेक्ट'.

१९९७ साली हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघांनी त्याची कारणं मांडली. जो तो खालच्याची ऑर्डर बघून अंदाज बांधतो, खरी विक्री त्याला दिसतच नाही. ट्रक भरावा म्हणून माल एकदम मागवतात. सेल लागला की साठा करतात. चौथं कारण टंचाईची भीती, आणि ते आपल्या चांगलंच ओळखीचं आहे.

२० जुलै २०२३ ला भारत सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. लगेच अमेरिकेतल्या आपल्या देशी दुकानांत रांगा. सोना मसुरीच्या पिशव्यांवर झुंबड! काही दुकानांनी तर माणशी एकच पिशवी असा नियम केला. त्या आठवड्यात आपण दुप्पट भात जेवलो का हो? पण दुकानदाराला मागणी दुप्पट दिसते. दहा पिशव्या मागितल्या तर पाचच मिळतील, म्हणून तो वीस मागतो. घाऊकवाला त्यावर आपली भर घालतो. पुढे माल येतो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या गॅरेजमध्ये आधीच्याच पिशव्या पडलेल्या. (त्यांत किडे झाले की फोन मात्र दुकानदाराला!) ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

उपाय तसे साधे आहेत. गल्ल्यावरची रोजची विक्री वरच्यांना दिसू द्यायची. वॉलमार्टनं पी अँड जीबरोबर तेच केलं. आणि टंचाईत वाटप करायचं ते मागच्या विक्रीवर, आलेल्या ऑर्डरीवर नव्हे. पण त्यासाठी एकमेकांवर विश्वास हवा, आणि आमच्या मते अडतं ते तिथेच.

आता गणपती जवळ येताहेत. जेवणाची नावं शेवटपर्यंत येत नाहीत, म्हणून समिती अंदाजानं तीस पानं वाढवते, स्वयंपाकवाले वर आणखी वीस धरतात, आणि रात्री उरलेल्या श्रीखंडाचे डबे कोण नेणार यावर चर्चा! तेव्हा यंदा नावं आठवडाभर आधी कळवा, आणि येणार असाल तेवढ्यांचीच कळवा.