पट चालो, पण आर टाका

आमच्या वऱ्हाडात शंकरपटाच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या राखणारी घरे आहेत. त्यांची माया खोटी नाही. आधी बैलाला ढेप, मग घरच्यांना घास. पण पटाच्या दिवशी त्याच बैलाला तुतारीची आर टोचायची, शेपूट पिरगाळायची, ही कुठली माया?

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा नवा कायदा वैध ठरवला. मित्रहो, परवानगी शर्यतीला मिळाली, छळाला नव्हे!

'पट बंद झाला तर बैल संपतील,' म्हणतात. अहो, बैल हटवला तो ट्रॅक्टरने.

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या गावात राहतो, म्हणून विचारतो: आर टोचून मिळालेली जीत बैलाची की खिळ्याची? आणि पोळ्याला मग पाया कोणाच्या पडायचे?