कूलरच्या डक्टमधून गळणारे पाणी

घर आणि हवामान

बुलढाणा जिल्ह्यातील तेरा तालुके बोलण्यात 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशा दोन गटांत वाटले जातात, आणि ही वाटणी रस्त्याच्या चढउताराची असते तितकीच हवेच्या वजनाचीही असते. खामगावहून बोथ्याचा घाट चढून बुलढाण्यास पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीपासूनची उंची सव्वातीनशे ते साडेतीनशे मीटरने वाढते, आणि तेवढ्या चढणीत डोक्यावरच्या हवेचा एक थर पायाखाली जात असल्यामुळे वायुभारमापकातील पारा तीन सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. फ्रान्समधील प्यूइ द डोम या पर्वतावर १६४८ साली ब्लेझ पास्कल याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी चढवून नेली आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटतो हे दाखवून दिले. त्याच पास्कलचे नाव आज दाबाच्या एककाला आहे. एका चौरस मीटरवर सुमारे शंभर ग्रॅम वजनाने जेवढा भार पडतो तेवढा दाब म्हणजे एक पास्कल होय. या हिशेबाने घाटावरच्या आणि घाटाखालच्या हवेत जवळपास चार हजार पास्कलांचे अंतर आहे. घरातील हवेचे व्यवहार मात्र तीन, तीस किंवा फार तर पन्नास पास्कलांत चालतात, आणि दाबाचा एवढा अल्प फरक अंगाला जाणवत नसल्यामुळेच तो मोजण्याची गरज निर्माण होते.

घराचा हवाबंदपणा मोजण्याची जगभर रूढ झालेली पद्धत थंड देशांत जन्मली. १९७०च्या दशकातील तेलटंचाईने इंधन महाग झाले, तेव्हा तापवलेली हवा घराच्या फटींतून किती निसटते याचा शोध सुरू झाला; १९७७च्या सुमारास स्वीडनमध्ये खिडकीत पंखा बसवून असे मापन केले जाऊ लागले, आणि ती कल्पना अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांकडे पोहोचल्यावर पंखा खिडकीतून दाराच्या चौकटीत आला. या चाचणीत घराची सर्व दारे-खिडक्या बंद करून एका दारात कापडी पडदा ताणतात, त्यात बसवलेल्या पंख्याने आतली हवा बाहेर फेकतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलांनी कमी झाला की तो तेथेच टिकवण्यासाठी पंख्याला ताशी किती घनमीटर हवा काढावी लागते ते नोंदवतात. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच फटींतून आत येत असल्यामुळे हा आकडा घराच्या घनफळाने भागला की घरातील सगळी हवा तासाला किती वेळा बदलते हे कळते. जर्मनीत १९९०च्या दशकात आकाराला आलेल्या 'पॅसिव्ह हाऊस' मानकात ही मर्यादा तासाला ०.६ बदल इतकी कडक आहे. हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांची, म्हणजे डक्टची, चाचणीही याच तत्त्वावर होते. तीत डक्टची सर्व तोंडे चिकटपट्टीने बंद करून लहान पंख्याने आत २५ पास्कलांचा दाब धरतात, आणि तो धरून ठेवण्यासाठी जेवढी हवा सतत सोडावी लागते तेवढी डक्टची गळती मानली जाते.

ही चाचणी जशीच्या तशी उचलून बुलढाणा जिल्ह्यातील घरांना लावणे व्यर्थ आहे, कारण येथील घर हवाबंद करण्यासाठी बांधलेलेच नसते. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती उन्हाला अडवीत आणि छतातील झरोका धुराला व तापलेल्या हवेला वाट देई. आजच्या स्लॅबच्या घरात तो झरोका उरलेला नाही आणि उन्हाळ्याचा सगळा भार कूलरवर आलेला आहे. म्हणून मोजमापाचे तत्त्व घ्यावे, परंतु प्रश्न आपला विचारावा, अशी या लेखाची भूमिका आहे. थंड देशात गळणाऱ्या हवेचा हिशेब इंधनात केला जातो. घाटाखालच्या तालुक्यांत तो पाण्यात केला पाहिजे.

कूलर हवा थंड करतो तो पाणी खर्चून. बाहेरची तापलेली कोरडी हवा वूडवूलच्या किंवा हनीकोंबच्या ओल्या जाळीतून ओढली जाते, जाळीतील पाण्याचे बाष्प होताना लागणारी उष्णता त्याच हवेतून घेतली जाते आणि हवा थंड होऊन आत येते. तापमापीचा फुगा ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यात धरला असता पारा जेथे स्थिरावतो त्यास आर्द्रकंद तापमान म्हणतात, आणि कूलरची हवा त्याखाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात बाहेर ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर आर्द्रकंद तापमान २२ ते २३ अंशांच्या आसपास येते, आणि चांगली भिजलेली जाळी या वीस अंशांच्या अंतरापैकी सुमारे तीन-चतुर्थांश अंतर कापत असल्यामुळे खोलीत साधारण २८ अंशांची हवा येते. ताशी २,००० घनमीटर हवा देणारा कूलर या स्थितीत दर तासाला १३ ते १४ लिटर पाण्याचे बाष्प करतो, म्हणजे आठ तासांत सुमारे ११० लिटर पाणी हवेत जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे परिमाण ठरवलेले आहे. त्या मापाने एक कूलर एका दिवसात दोन माणसांचे पाणी पितो. जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा खर्च डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

आता हवेचा मार्ग पाहावा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर भरते, म्हणजे वरील कूलर त्या खोलीतील हवा मिनिटाला जवळजवळ एकदा बदलतो. आत आलेल्या हवेला समोरच्या भिंतीत दोन फूट बाय दोन फूट एवढी मोकळी वाट असेल, तर ती बाहेर ढकलण्यासाठी खोलीत अवघा तीन-साडेतीन पास्कल दाब पुरतो. परंतु थंडावा बाहेर जाईल या समजुतीने सर्व खिडक्या लावून घेतल्या आणि दाराखालच्या व चौकटींच्या फटी मिळून चौरस मीटरचा पन्नासावा भाग एवढीच वाट उरली, तर पंख्याने आत ४० पास्कल दाब उभा केला तरी ताशी ४०० घनमीटरही हवा बाहेर पडू शकत नाही. आणि जी हवा बाहेर पडत नाही ती आतही येऊ शकत नाही. पंखा तेवढाच आवाज करीत आणि तेवढीच वीज घेत फिरत राहतो, खोलीत दमटपणा साचत जातो, घाम वाळेनासा होतो आणि दोष जाळीच्या नाहीतर पंपाच्या माथी मारला जातो. अशा खोलीचे दार आत उघडणारे असेल तर ते ओढताना जड लागते, कारण ४० पास्कल दाबाने दाराच्या फळीवर सात-आठ किलो वजनाएवढा जोर पडलेला असतो. दाराचे हे जड होणे म्हणजेच घरात आपोआप झालेले दाबाचे मापन होय.

डक्टचा प्रश्न याच्या उलट आहे. एका मोठ्या कूलरची हवा पत्र्याच्या डक्टमधून दोन-तीन खोल्यांत किंवा सभागृहात खेळवण्याची पद्धत विदर्भात चांगलीच रुळलेली आहे, आणि या रचनेत पंखा डक्टच्या आधी असल्यामुळे डक्टमधील हवा बाहेरच्यापेक्षा अधिक दाबाखाली असते. त्यामुळे प्रत्येक उघडा सांधा थंड हवेला बाहेर वाट देतो. पत्र्याचे दोन तुकडे जेथे जुळतात ते सांधे, कूलर आणि डक्ट यांना जोडणारी कॅनव्हासची बाही, आणि भिंतीच्या भोकातून डक्ट आत शिरते तेथील कड, या तीन जागी गळती सर्वाधिक आढळते. कॅनव्हास तर दोन-तीन उन्हाळ्यांत उन्हाने करपून चिरतो. पाच मिलिमीटर रुंदीची फट सांध्यासांध्यांतून मिळून दोन मीटर लांब भरली आणि आत ३० पास्कल दाब असला, तर तिच्यातून ताशी सुमारे १६० घनमीटर हवा गच्चीवर निसटते. दोन हजारांपैकी ही गळती आठ टक्के होते, म्हणजे दर तासाला लिटरभराहून अधिक पाणी कोणालाही गारवा न देता उडून जाते. नळाचा थेंब गळताना दिसतो म्हणून प्लंबरला बोलावले जाते. डक्टमधून गळणारे पाणी दिसत नाही, एवढाच या दोन गळत्यांतील फरक आहे.

हे मापन करण्यासाठी परदेशी यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण दाब मोजण्याचे एक जुने साधन गवंड्याच्या पिशवीत असते. भिंतीची किंवा फरशीची सपाटी जुळवण्यासाठी जी पारदर्शक लेव्हल पाइप वापरतात, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधली, तिच्यात नीळ घातलेले पाणी अर्धवट भरले आणि तिचे एक टोक डक्टच्या भिंतीतील लहान भोकात बसवून दुसरे मोकळे ठेवले, की दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढे मिलिमीटर अंतर पडेल त्यास दहाने गुणून दाब पास्कलांत मिळतो. पाण्याच्या एका मिलिमीटर उंचीचा भार ९.८ पास्कल असल्यामुळे हा गुणाकार जवळजवळ बिनचूक असतो. एवढे मात्र पाळावे लागते की, आतील टोक डक्टच्या पत्र्याशी सपाट राहिले पाहिजे. ते वाऱ्याच्या तोंडाला धरले तर वाहत्या हवेचा धक्काही त्यात मिसळतो, आणि सेकंदाला पाच मीटर वेगाच्या हवेत ही चूक सुमारे १४ पास्कलांची होते. खोलीतील तीन पास्कलांचा दाब उभ्या नळीत मिलिमीटरचा तिसरा हिस्साच दाखवतो, आणि तो डोळ्यांना टिपता येत नाही. म्हणून नळीची एक भुजा दहा एककांच्या लांबीला एक एकक चढेल अशी तिरपी मांडतात आणि वाचन दसपट करून घेतात. गळतीची जागा शोधण्यासाठी सांध्याजवळ धरलेली उदबत्ती पुरेशी असते, कारण जेथे तिचा सरळ चढणारा धूर आडवा फेकला जातो तेथे फट असते. गळतीचे प्रमाण काढायचे असेल तर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या हातातील यंत्राने, म्हणजे ॲनिमोमीटरने, डक्टच्या आरंभी येणारी हवा आणि सर्व जाळ्यांतून खोल्यांत पडणारी हवा मोजावी. या दोहोंतील वजाबाकी म्हणजे गळती होय.

घराला बाहेर जाणारी वाट किती असावी याचा विचार सरकारी पातळीवर झालेला आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' जाहीर केली, आणि तिच्या पहिल्या भागात खिडक्यांच्या उघडणाऱ्या भागाचे घराच्या क्षेत्रफळाशी किमान प्रमाण उष्ण-कोरड्या हवामानासाठी १० टक्के, तर संमिश्र हवामानासाठी १२.५ टक्के ठरवले. या नियमातील कळीचा शब्द 'उघडणाऱ्या' हा आहे. दोन पल्ल्यांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी पूर्ण सरकवली तरी तिचा अर्धाच भाग मोकळा होतो. म्हणून संहितेत ती निम्मीच धरली जाते, तर बिजागरीची खिडकी ९० टक्के उघडी मानली जाते. नव्या बांधकामांत सरकत्या खिडक्यांचा सुळसुळाट झाल्याने नकाशावर पुरेशी दिसणारी वाट प्रत्यक्षात निम्मी उरते, आणि ती मच्छरदाणीच्या जाळीने आणखी आखडते. संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींपुरती असल्यामुळे जिल्ह्यातील बहुसंख्य घरे तिच्या कक्षेत येत नाहीत. परंतु हिशेब भूखंड पाहून बदलत नाही, आणि लहान घराला तर त्याची अधिक गरज असते.

या विवेचनाला दोन पुरवण्या जोडणे आवश्यक आहे. पहिली अशी की, पावसाळा सुरू होऊन बाहेरची हवाच दमट झाली की कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा, कारण तेव्हा आर्द्रकंद तापमान आणि साधे तापमान यांतील अंतर आटलेले असते आणि जाळी केवळ घाम वाढवते. दुसरी पुरवणी जिवाशी संबंधित आहे. खोलीतील हवा बाहेर ओढणारा पंखा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी करतो, आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर असून बाहेरून हवा येण्यास वाट नसेल तर ज्योतीला प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचतो. धुराडे असले तरी काही पास्कलांचे शोषणही धूर उलटा आत ओढण्यास पुरेसे ठरते. त्यामुळे गीझर शक्यतो न्हाणीघराबाहेर असावा आणि गीझरच्या जागी न मिटणारा झरोका असलाच पाहिजे.

यापुढचा मार्ग खर्चिक नाही. डक्ट बसवणाऱ्या कारागिराने हिशेब चुकता होण्यापूर्वी आरंभीची हवा, खोल्यांत पडणारी हवा आणि डक्टमधील दाब हे तीन आकडे लिहून द्यावेत असा आग्रह ग्राहकाने धरला, तर सांधे आपोआप नीट बसू लागतील, कारण जे काम मोजले जाणार असते त्याला हात वेगळा लागतो. खामगावचे शासकीय तंत्रनिकेतन आणि शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल-मे महिन्यांत घाटाखालच्या शंभर घरांत लेव्हल पाइप आणि ॲनिमोमीटर घेऊन हे मापन केले, तर एका कूलरमागे किती लिटर पाणी वाया जाते याचा जिल्ह्याचा स्वतःचा आकडा हाती येईल. पाणीटंचाईच्या आराखड्यांत विहिरी, टँकर आणि जलवाहिन्यांच्या गळतीचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी डक्टच्या गळतीलाही एक रकाना मिळावा, इतकी ती गळती खरी आहे आणि कॅनव्हासच्या नव्या बाहीने व सांध्यावरच्या चिकटपट्टीने थांबण्याइतकी सोपीही आहे.