आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

लहानपणी बंब म्हटलं की मला आमच्या अवसरी खुर्दच्या घरातला, न्हाणीतला तांब्याचा बंब आठवायचा. त्यामुळे आजोबा जेव्हा सांगायचे की मुंबईत भायखळ्याला मोठा बंबखाना आहे, तेव्हा ओळीने मांडलेले चकचकीत बंब आणि टॉवेल घेऊन उभी असलेली माणसं असं काहीतरी चित्र माझ्या डोक्यात असायचं. (हसू नका.)

आजोबा तरकारी घेऊन भायखळ्याच्या मंडईत जायचे. रात्री गाडी भरायची, पहाटे मुंबई. माल विकून पट्टी हातात येईपर्यंत वेळ असायचा, मग ते चालत चालत ते लाल बंब बघायला जायचे. घंटा झाली की हातातला चहा तसाच टाकून माणसं पळतात, हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल.

पुढे मी त्या बंबखान्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. मुंबईला अग्निशमन दल काही सहज सुचलेलं नाही. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातली वस्ती मोठ्या प्रमाणात जळाली, तरी पुढची कित्येक दशकं आग विझवणं हे पोलिसांचंच जोडकाम होतं. आग विझवणं ही नगरपालिकेची जबाबदारी हे पक्कं झालं ते १८८८ च्या कायद्याने. आधी घोड्यांचे बंब, मग विसाव्या शतकात मोटारीचे. भायखळ्याला आजही दलाचं मुख्यालय आहे.

आणि १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा, दोन्ही एकत्र! बंबवाले पाणी मारत असतानाच चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. दलाची ६६ माणसं गेली. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आपल्याकडे त्या दिवशी आंबेडकर जयंती असते, त्यामुळे हे फार कुणाच्या लक्षात नसतं. असो.

हे सगळं आठवायचं कारण नानांची गंजी. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. २०११ च्या मार्चमध्ये भर दुपारी त्यांची कडब्याची गंजी पेटली, तिथून गोठा. विहिरीला पाणी होतं, मोटार होती, पण त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची! माणसं हंडे-बादल्या घेऊन धावली. नाना दावी कापायला आत शिरले. एक बैल, दोन शेळ्या बाहेर आल्या, गाभण गाय राहिली. नानांच्या डाव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत. बंब आला तेव्हा तासाहून जास्त वेळ होऊन गेला होता. आलेल्या पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही, ती लांबून आली होती आणि आल्या आल्या त्यांनी निखारे विझवले. विझवायला तेवढंच उरलं होतं.

राज्यघटनेत नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आहे. त्यातल्या १८ विषयांत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आहे, तिच्यात २९ विषय. पशुसंवर्धन आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रासुद्धा आहेत. अग्निशमन नाही! गावात आग लागतच नाही अशी कुणाची समजूत होती की काय, देव जाणे.

'प्रत्येक गावाला बंबखाना परवडेल का?' असं माझा मुंबईकर आतेभाऊ विचारतो. नाही परवडणार, आणि मी भायखळा मागतच नाहीये. पाच-सहा गावांत मिळून डिझेल पंप बसवलेला एक पाण्याचा टँकर, आणि तो चालवायला शिकवलेली, थोडं मानधन मिळणारी आठ-दहा पोरं. टँकर काय, उन्हाळ्यात एरवीही फिरतातच. माझ्या मते एवढ्यानेही नानांचा गोठा वाचला असता. आता तर आमच्याकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, पोरांच्या खोल्या आहेत, खाणावळी आहेत, घरोघर सिलिंडर आहेत. आग लागायला आता कडबाच हवा असं नाही.

गेल्या दिवाळीत हे सगळं नानांना ऐकवलं. ते म्हणाले, "अरे, तुझ्या आजोबांनी बंब बघण्यात इतक्या सकाळी घालवल्या, एखादा घेऊन तरी यायचा!"

नाना आता एक मोठी गंजी रचत नाहीत. तीन लहान रचतात, गोठ्यापासून लांब, मधे वीस-वीस पावलं सोडून. आणि गोठ्याच्या दारात पाण्याचं एक पिंप भरलेलं असतं, त्यातलं पाणी म्हशीलासुद्धा देत नाहीत.